सासऱ्यांच्या गाडीचा ईजीआर

ज्याला इंजिन कळतं त्याला गाडी कधी दगा देत नाही, हे वाक्य मी चैत्रातल्या एका रविवारी सासऱ्यांच्या अंगणात, चहाचा कप हातात धरून बोललो. सासूबाईंनी कौतुकानं पदर सावरला. बायकोनं, म्हणजे रुपालीनं, माझ्या हातातला कप काढून घेतला. आमच्या संसारात मी जेव्हा जेव्हा असं काही बोललोय, तेव्हा तिनं आधी जवळची फुटणारी वस्तू उचलून ठेवली आहे.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. नोकरी मात्र बुलढाण्याला एका सरकारी ऑफिसात, टेबलावरची. रोज ज्या यंत्राशी माझा संबंध येतो ते म्हणजे ऑफिसातला कूलर, आणि तोही शिपाई चालू करतो. पण सासुरवाडी वडनेर भोलजीची, घाटाखालची. घाटाखालच्या मंडळींना उगाच वाटतं की घाटावरची माणसं हुशार असतात. घाटावरचा जावई हा समज मोडत नाही, त्यावरच त्याचा पाहुणचार चालतो.

त्या दिवशी घरात गडबड होती. माझ्या मेहुणीला, अर्पिताला, बघायला बोदवडचे पाहुणे येणार होते. ते रेल्वेनं मलकापूरला उतरणार आणि तिथून त्यांना गाडीनं घरी आणायचं, हे काम माझ्याकडे होतं. गाडी सासऱ्यांची, म्हणजे वामनरावांची. जुनी डिझेल गाडी, पण त्यांचा तिच्यावर बैलजोडीसारखा जीव. अडचण एवढीच की ती उभ्या उभ्या हिवताप आल्यासारखी थरथरायची, मागून काळा धूर सोडायची, आणि समोर एक पिवळा दिवा लागलेला राहायचा. दिवा डोळ्यांत येतो म्हणून वामनरावांनी त्याच्यावर सासूबाईंची टिकली चिकटवली होती.

"मामाजी, हा ईजीआरचा दोष आहे," मी म्हणालो.

"कोनाचा?"

"ईजीआर. इंजिनातून जो धूर निघतो ना, त्यातला थोडा परत इंजिनात पाठवायची सोय असते. रात्रीची उरलेली भाजी सकाळी थालीपिठात घालतात, तसं. त्याला एक झडप असते. ती काजळीनं अडकली की गाडी गुदमरते."

वामनरावांनी वाकून गाडीच्या मागच्या नळीत पाहिलं. "म्हंजे हे गाडी सोताचाच धूर पिते?"

"थोडा."

"थोडा थोडा म्हनताच लत लागते, जवाईबापू. आमचा एक चुलतभाऊ तसाच गेला." मग ते हळूच म्हणाले, "मिस्त्री लग्नाले गेला नांदुऱ्याले. उद्या येते. आज असूच द्या. आपन पाहुन्याईले आटो पाठवू."

इथं मी थांबायला हवं होतं. पण मेहुणीच्या भावी सासरच्यांना ऑटोतून आणायचं, आणि घरात डिप्लोमावाला जावई असताना! मी म्हणालो, "अर्ध्या तासाचं काम आहे. नुसती टेस्ट करायची."

वामनराव मोटरसायकल काढून पेढे आणि बर्फ आणायला गेले. जाताना दोनदा वळून त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

मी गाडी लिंबाच्या सावलीत घेतली. सावली थोडीच होती, म्हणून गाडी मागं मागं घेत तिचं ढुंगण थेट पुढच्या खोलीच्या दारापाशी नेऊन लावलं. त्या खोलीत कापूस होता. भाव येईल म्हणून वामनरावांनी वर्षाचा सगळा कापूस त्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवलेला. दार लागत नव्हतं, म्हणून नुसतं टेकवलेलं. कापूस मी पाहिला होता. पण माझं लक्ष सावलीकडे होतं. पाहुण्यांसमोर घालायचा नवा शर्ट मळू नये म्हणून तो काढून मी ड्रायव्हरच्या सीटवर, खांदे नीट बसवून अडकवला आणि बनियनवर कामाला लागलो.

टेस्ट सोपी असते. इंजिन चालू ठेवायचं, झडपेवरची रबरी नळी काढायची आणि तिथून हवा ओढायची. हवा ओढली की झडप उघडते, धूर आत शिरतो आणि इंजिन आचके देऊन बंद पडतं. बंद पडलं तर झडप ठीक. हवा ओढायला एक छोटा पंप मिळतो. तो माझ्याकडे नव्हता. म्हणून मी नळी तोंडात धरली आणि गालफडं बसेपर्यंत ओढली.

तेवढ्यात सासूबाई ओली चादर वाळत घालायला बाहेर आल्या. वच्छलाबाई साध्या बाई. जावई बॉनेटमध्ये डोकं घालून गाडीची नळी चोखतोय, हे दृश्य त्यांनी पाहिलं आणि तशाच मागं सरकल्या.

"रुपाली," आतून त्यांचा दबका आवाज आला, "जवाईबापू डिझल पिऊन राह्यले वो."

"पिऊ दे," रुपाली म्हणाली. तिच्या हातात पुरणाचा हंडा होता.

मी ओढ ओढ ओढलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण इंजिन बंद पडेना. याचा अर्थ स्पष्ट होता. धुराची वाट काजळीनं पार बुजलेली. टेस्ट इथं संपली होती. निदान झालं होतं. शहाण्या माणसानं बॉनेट लावून हात धुतले असते.

पण माझ्या पिशवीत काजळी सोडवणारा फवारा होता. बुलढाण्याहून मुद्दाम आणलेला. डब्यावर लाल अक्षरांत काही सूचना होत्या, पण त्या फार बारीक होत्या. मी हवेच्या फिल्टरकडून येणारा जाड पाइप काढला, त्यामुळे इंजिनाचं हवा घ्यायचं तोंड उघडं पडलं. आणि चालू इंजिनाच्या त्या तोंडात मी फवारा मारला.

इंजिन जरा उठलं. आवाज सुधारला. थरथर थांबली. मला इतका आनंद झाला की मी आणखी मारला. मग आणखी. उरलेला कशाला ठेवायचा म्हणून डबा उलटा करून सगळा रिकामा केला.

आधी काहीच झालं नाही. मग आवाज चढू लागला. मी पॅडलला पाय लावला नव्हता, गाडीत कुणी बसलेलं नव्हतं, तरी इंजिन आपलं आपण वेग घेत होतं. मला वाटलं, जरा चढेल आणि उतरेल. उतरलं नाही. घर्रर्रचं किंचाळणं झालं. बॉनेट थडथडू लागलं. मी धावत जाऊन किल्ली फिरवली. इंजिन चालूच. किल्ली काढून हातात घेतली. इंजिन चालूच.

बंद गाडीचं इंजिन चालू असणं म्हणजे काय, हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून समजणार नाही. मयतानं उठून पाणी मागावं तसं वाटतं. माझ्या तळहातावर किल्ली होती आणि ती गार होती.

डिप्लोमाला आमचे एक सर होते. ते सांगायचे, पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, ठिणगी तोडली की ते मरतं. डिझेलला ठिणगी लागत नाही. त्याला जळण्यासारखं काहीही सापडलं की ते आपलं आपण पळत सुटतं, आणि मग फुटेपर्यंत थांबत नाही. उपाय काय, असं कुणीतरी विचारलं होतं. सर काहीतरी म्हणाले होते. मी ते ऑप्शनला टाकलं होतं.

मागून पांढरा धूर निघाला, मग काळा, मग दोन्ही मिळून असा लोट की लिंब दिसेनासा झाला. आणि त्या लोटाच्या पोटात मला लाल ठिणग्या दिसल्या. दोन, तीन. त्या तरंगत कापसाच्या दाराकडे चालल्या होत्या.

माझे पाय माझ्या आधी निघाले. मी कुठं जातोय हे मला ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की इंजिन फुटणार, त्याचे तुकडे उडणार, आणि ते उडतील तेव्हा मी तिथं नसणार. अंगणाच्या कोपऱ्यात सिमेंटचा हौद होता. मी त्याच्यामागं जाऊन भिंत आणि हौदाच्या बेचक्यात बसलो आणि तिथून ओरडलो, "पळा, सगळे पळा."

माझा हा इशारा कुणाच्या उपयोगी पडला असेल तर शेजारच्या कौशल्याबाईंच्या. त्या दिवसांत मोताळ्याकडच्या रानात बिबट्या दिसल्याचा व्हिडिओ ज्याच्या त्याच्या फोनवर फिरत होता. पळा एवढंच त्यांना ऐकू आलं आणि इंजिनाची डरकाळी तर ऐकू येतच होती. त्या शिडीनं सरळ घराच्या धाब्यावर चढल्या, शिडी वर ओढून घेतली आणि तिथून गल्लीला ओरडून सांगू लागल्या, "वामनभाऊच्या घरी वाघ घुसला वो. पोट्टे आत घ्या."

निम्मी गल्ली दारं लावून आत गेली. उरलेली निम्मी काठ्या घेऊन आली. त्याच वेळी वामनराव पेढे घेऊन परतले. त्यांनी वाघ पाहिला नाही, धूर पाहिला, आणि तो कुठल्या दारावर आहे ते पाहिलं. त्यांच्या हातातून बर्फ पडला.

"कापूस," ते म्हणाले. ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले. मग धुरातून पळत जाऊन कापसाच्या दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे राहिले. गाडीचं धुराडं बरोबर त्यांच्या पांढऱ्या धोतरावर रोखलेलं.

काठ्यावाल्यांनी काठ्या टाकून बादल्या घेतल्या आणि पाण्यासाठी ते हौदाकडे आले. मी आणखी खाली बसलो. माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर बादल्या बुडत होत्या.

"जवाई कुठी हाय बे?" एक जण म्हणाला.

"गाडीत असंल. मांगाशी तठीच होता."

मी तोंड उघडलं. मी इथं आहे, असं म्हणायचं होतं. शपथेवर सांगतो, म्हणायचं होतं. पण घशातून वारासुद्धा निघाला नाही. ते इंजिन असं किंचाळत होतं की आता, आता, याच क्षणाला फुटणार.

"पानी टाकू नका बे कापसावर," दारातून वामनराव ओरडत होते, "भिजला तं गेला वर्साचा कापूस. गाडीवर टाका."

"गाडीत जवाई हाये नं, भाऊ."

मग रुपालीचा आवाज आला. "अहो, कुठं हाय तुम्ही? अहो." ती दारात आली होती. धुरातून तिला गाडीच्या काचेआड ड्रायव्हरच्या जागेवर निळा शर्ट दिसला, खांदे ताठ असलेला. "आई, ते आतच हायेत वं. हालून नाही राह्यले."

पुढचं मी हौदाच्या कडेवरून एका डोळ्यानं पाहिलं. सगळे पुरुष बादल्या धरून उभे होते. त्यांच्यातून वच्छलाबाई पुढं आल्या. त्यांनी दोरीवरची ओली चादर ओढली, डोक्यावरून घेतली आणि त्या धुरात शिरल्या. साठी उलटलेली बाई. गुडघेदुखीनं जिना चढत नाही. ती चालत नव्हती, धावत होती.

"जवाईबापू," आतून त्यांचा आवाज येत होता, "भेऊ नका. हात द्या. म्या आली."

मी हात दिला नाही. माझा हात तोंडावर दाबलेला होता.

धुरात त्यांना दार सापडलं नाही. त्या चाचपडत पुढच्या बाजूला आल्या आणि तापलेल्या इंजिनावर हात भाजू नये म्हणून त्यांनी अंगावरची चादर उघड्या बॉनेटखाली टाकली. इंजिनाचं हवा घ्यायचं तोंड मी उघडंच ठेवलेलं होतं. त्या तोंडानं चादर ओढली. कोपरा आत गेला, मग हातभर चादर आत गेली, ओल्या कापडाचा बोळा घट्ट बसला. हवा बंद झाली. किंचाळणं एकदम खाली आलं, दोन आचके, एक ढेकर, आणि इंजिन मेलं.

अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. धाब्यावरून कौशल्याबाई हळूच म्हणाल्या, "मारला काय?"

धूर विरळ होत होता. सासूबाईंनी गाडीचं दार उघडलेलं दिसलं. त्या आत वाकल्या. बराच वेळ वाकूनच होत्या. मग माझा शर्ट दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर आल्या. चेहरा काजळीनं काळा, डोळ्यांखाली पाण्याच्या दोन पांढऱ्या रेघा.

"रुपाली," त्या म्हणाल्या, "मानूसच नाही वं आत. निसता शर्ट हाये."

रुपाली मटकन पायरीवर बसली. एका माणसानं डोक्यावरची टोपी काढली.

आतापर्यंत मला इंजिनाची भीती वाटत होती. आता उठून उभं राहायची वाटू लागली, आणि दोन्हींत ही दुसरी मोठी होती. मी मनाशी हिशेब केला. भिंतीवरून उडी मारून पलीकडे जावं, मोठ्या रस्त्यावर एसटी धरावी, बुलढाण्याला पोहोचावं आणि तिथून फोन करावा. पण रुपालीनं डोकं गुडघ्यांत घातलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. मी उठलो.

"मी इथं आहे," मी म्हणालो.

सगळे वळले. मी बनियनवर होतो. अंगावर काजळीचा एक ठिपका नव्हता. चपला हातात होत्या. त्या मी कधी काढल्या ते मला अजून आठवत नाही.

वच्छलाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जवळ आल्या, माझ्या दंडाला हात लावून पाहिला, मग दुसऱ्या दंडाला. दोन्ही जागच्या जागी आहेत अशी खात्री झाल्यावर शर्ट माझ्या खांद्यावर टाकून त्या आत गेल्या. रुपालीही उठली. ती माझ्याकडे बघत होती, पण जवळ उचलून ठेवण्यासारखं फुटणारं काही नव्हतं. तिनं माझ्या हातातल्या चपला काढून घेतल्या. मला वाटलं आता त्याच बसतात. तिनं त्या खाली ठेवल्या आणि नीट जोडून ठेवल्या.

आणि फाटकाशी ऑटो थांबला. मलकापूरच्या स्टेशनवर वाट बघून कंटाळलेले पाहुणे आपले आपणच आले होते. पुढं मुलाची आई, सत्यभामाबाई. मागं मुलगा, प्रज्वल, इस्त्रीच्या कपड्यांत, घाबरलेला. समोर धुरानं भरलेलं अंगण, बादल्या धरलेली माणसं, वितळणारा बर्फ, धाब्यावर शिडी कवटाळून बसलेली बाई, आणि कापसाच्या दारात टाचेपासून टोपीपर्यंत काळे झालेले वामनराव. त्यांचे फक्त डोळे आणि दात तेवढे पांढरे होते.

"काय झालं हो इथं?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"काई नाही जी," वामनराव म्हणाले. "या, बसा. आमच्या जवाईबापूनं गाडी तपासली."

पाहुणे बसले. सासूबाई तोंड धुऊन, लुगडं बदलून बाहेर आल्या आणि काहीच घडलं नाही अशा आवाजात त्यांनी प्रवासाची चौकशी केली. शेजाऱ्यांनी मात्र अंगणात उभं राहून सगळी हकीकत दोनदा सांगितली. चादर घेऊन धुरात शिरल्याची गोष्ट ऐकून सत्यभामाबाई उठून वच्छलाबाईंच्या शेजारी बसल्या. अर्पिता पोहे घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला शिक्षण, स्वयंपाक, काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तू आईवर गेली का बापावर?"

"आईवर," अर्पिता म्हणाली.

"झालं मग," त्या म्हणाल्या.

आता विचारायची पाळी वामनरावांची होती. मुलाला नोकरी किती दिवसांची, घर स्वतःचं का, हे प्रश्न त्यांनी आठवडाभर तयार केले होते. ते सगळे त्यांनी सोडून दिले. ते पुढं सरकून बसले. कानातली काजळी अजून निघाली नव्हती.

"मले एकच सांगा," ते म्हणाले, "तुमाले गाडीतलं काई समजते काय?"

प्रज्वलनं आईकडे पाहिलं. बिचारा घामाघूम झाला होता. नाही म्हटलं तर स्थळ जातं की काय, असं त्याला वाटलं असणार. पण मुलगा प्रामाणिक. "नाही," तो म्हणाला, "मला काहीच कळत नाही. पंक्चर झालं तरी मी दुकानातच नेतो."

वामनराव सासूबाईंकडे वळून म्हणाले, "पेढे आना. पोरगा पसंत हाये."

पाहुणे गेले तोवर उन्हं उतरली होती. मी ओसरीच्या टोकाला, भिंतीला टेकून बसलो होतो. कुणी मला काही बोललं नव्हतं आणि त्याचीच धास्ती जास्त होती. एकेक जण जवळून गेला की मी मान खाली घालायचो. शेवटी सासूबाई माझ्यासाठी ताट घेऊन आल्या. पुरणाची पोळी, वर तूप. हाताला फडकं बांधलेलं. ताट ठेवून त्या समोर बसल्या. मला वाटलं, आता. आता बोलतील. आणि मी ऐकून घेणार होतो, सगळं.

"जवाईबापू," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, कुणाला ऐकू जाऊ नये अशा, "एक सांगू काय? राग नका मानू."

"सांगा, मामी."

"पुढच्या बारीनं हौदामांगं नका बसू. मांगच्या दारानं निंगून जात जा. हौदामांगं इच्चू निंगते."

मी पाय वर घेतले आणि जेवू लागलो.